खताआधी पगाराचं बघा
मुकुंदवाडीत ओल्या कचऱ्यातून बेघरांसाठी काम उभं करताना

ओल्या कचऱ्याचं खत करायचं आणि त्यातून बेघर माणसांना काम द्यायचं, ही कल्पना कोणालाही पटते. चार मंडळी जमतात, वर्गणी होते, दोन टाक्या बांधल्या जातात, उद्घाटनाला नगरसेवक येतात. सहा-आठ महिन्यांनी त्याच टाक्यांत प्लॅस्टिक आणि पावसाचं पाणी साचलेलं असतं आणि कामावर घेतलेली माणसं पुन्हा रस्त्यावर. अशा वेळी खत बिघडलं असं सांगितलं जातं. बिघडलेला असतो तो हिशेब. खत विकून पगार निघेल असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं, आणि तो निघत नाही. पगार निघतो तो कचरा वेळेवर उचलण्याच्या आणि त्याची नीट विल्हेवाट लावण्याच्या सेवेतून. ही एक गोष्ट पक्की धरून सुरुवात केलीत, तर पुढचं बरंच सोपं जाईल.

मुकुंदवाडी ज्या औरंगाबादेत येते, त्या शहराला ही सेवा किती मोलाची आहे, ते 2018 साली कळून चुकलं आहे. जवळजवळ चार दशकं अख्ख्या औरंगाबादचा कचरा नारेगावच्या डेपोवर पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात रोज निघणारा चारशे टनांहून अधिक कचरा चौकाचौकांत साचला. दुसरी जागा शोधायला गाड्या मिटमिट्याला गेल्या, तेव्हा 7 मार्चला तिथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली. पण ओला कचरा सुक्यात कालवलेला आला की मोठं केंद्रही हतबल होतं. म्हणून गल्लीतला कचरा गल्लीजवळच जिरवणारी छोटी केंद्रं आजही हवी आहेत.

काम कोणासाठी, ते आधी ठरवा

‘बेघर’ म्हणजे नेमकं कोण? मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकावर आणि जालना रोडच्या कडेला रात्री पाठ टेकणारी माणसं एका साच्यातली नाहीत. जालना, बीड, परभणीकडून हंगामापुरते आलेले मजूर आहेत, घरातून बाहेर पडलेले म्हातारे आहेत, भंगार वेचणाऱ्या बाया आहेत. जून 2025 मध्ये इथल्या रस्त्याकडेच्या अतिक्रमणांवर जेसीबी फिरले, तेव्हा ज्यांची टपरी गेली अशीही काही घरं आता भाड्याच्या खोलीतून रस्त्याच्या टोकावर आली असतील. प्रत्येकाची गरज निराळी. हंगामी मजुराला रोजची मजुरी हवी असते आणि दिवाळीनंतर तो ऊसतोडीला निघून जाऊ शकतो. वयस्क माणसाला गाडी ढकलणं जमणार नाही, पण चाळणीवर बसून तो उत्तम काम करील.

म्हणून टाकीचा खड्डा खणण्याआधी पंधरा दिवस या माणसांशी बोला. महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रातल्या व्यवस्थापकांना भेटा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून ही केंद्रं उभी राहिली आणि तिथल्या लोकांना कोण कामाला टिकतो हे ठाऊक असतं.

एक पथ्य मात्र पाळाच. तुमच्या भागात आधीपासून कचरा वेचून पोट भरणारे कोणी असतील, तर पहिला हक्क त्यांचा. बेघरांना काम देण्याच्या नादात कचरावेचक बाईच्या पोटावर पाय आला, तर तो रोजगार नव्हे, नुसती अदलाबदल. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर दारोदारी काम करू लागली. तिथे घरोघरचं शुल्क कचरावेचकांच्या हाती येतं, म्हणून ती टिकली. मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ कार्यक्रमात कचरावेचक स्त्रियांना खतनिर्मितीचं आणि बायोगॅस संयंत्र चालवण्याचं शिक्षण दिलं. त्या बाया सोसायट्यांचं आणि संस्थांचं काम कंत्राटावर घेऊ लागल्या. दोन्ही ठिकाणी विकली जाते ती सेवा; खत हे तिचं उपउत्पादन.

हिशेब मांडून बघा

नमुन्यादाखल रोज 200 किलो ओल्या कचऱ्याचं केंद्र धरू. आकडे तुमच्या गल्लीप्रमाणे बदला, पण कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका कुटुंबाचा ओला कचरा दिवसाला साधारण 600 ग्रॅम धरला, तर 200 घरांतून 120 किलो येतो. उरलेले 80 किलो भाजीवाले, खानावळी, रसवंत्या आणि चहा-नाश्त्याच्या गाड्यांकडून मिळतात. या कामाला तीन माणसं लागतात: दोघं सकाळी गोळा करायला आणि त्यानंतर तिघंही दुपारपर्यंत केंद्रावर. दरमहा 14,000 रुपये धरले तर पगार 42,000. हातमोजे, गाडीची दुरुस्ती, भुसा, वाहतूक यांना 6,000. खर्च झाला 48,000.

आता जमा बघा. रोज 200 किलो म्हणजे महिन्याला 6,000 किलो कचरा. त्याचं खत पाचव्या हिश्श्याइतकं, म्हणजे 1,200 किलो होईल. सगळं विकलं गेलं आणि किलोला 10 रुपये मिळाले, तरी 12,000. इतक्यात एका माणसाचाही पगार सुटत नाही. 200 घरांकडून महिन्याला 80 रुपये घेतले तर 16,000. आठ खानावळी आणि रसवंत्यांकडून प्रत्येकी 2,000 घेतले तर आणखी 16,000. एकूण जमा 44,000. अजूनही चार हजारांची तूट आहे. ती भरून निघते एखाद्या मंगल कार्यालयाचं किंवा मोठ्या सोसायटीचं काम 8,000 रुपयांवर घेतलं की. मग 52,000 जमा, 48,000 खर्च आणि हाती चार हजार शिल्लक. या जमेत खताचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

मंगल कार्यालयं, वसतिगृहं, मोठी हॉटेलं तुमच्याकडे का येतील? घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवलं आहे आणि त्यांनी ओल्या कचऱ्याची प्रक्रिया शक्यतो आपल्या आवारातच करायची आहे. त्यांना जागा असते, मनुष्यबळ नसतं. तुमची दोन प्रशिक्षित माणसं त्यांच्याच आवारात जाऊन टाकी सांभाळणार असतील, तर वाहतुकीचाही खर्च वाचतो. गिऱ्हाईक शोधायचं तर आधी इथे शोधा.

देणगी मिळाली तर ती टाक्या, गाडी, शेड यांवर खर्च करा. पगार देणगीवर चालवायचा नाही. अपवाद पहिल्या तीन महिन्यांचा, कारण शुल्क देणारी घरं हळूहळू वाढतात. तेवढा पगार, म्हणजे वरच्या हिशेबात 1,26,000 रुपये, बँकेत वेगळा ठेवल्याशिवाय कोणाला कामावर बोलावू नका. आज काम देऊन पुढच्या महिन्यात हात वर करणं हे त्या माणसाला काम न देण्यापेक्षा वाईट.

जागा: विमानतळ लक्षात ठेवा

तीन फूट उंच, दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा आठ जाळीच्या टाक्या, निवडायची जागा, चाळणी आणि पोत्यांची शेड या सगळ्याला दीड गुंठा पुरतो. महापालिकेची खुली जागा किंवा उद्यानाचा कोपरा मागायचा असेल, तर झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि वॉर्डाच्या स्वच्छता निरीक्षकाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. तोंडी परवानगीवर टाकी बांधू नका. अधिकारी बदलला की परवानगीही जाते. सुका कचरा घंटागाडीलाच द्या. तिच्याशी स्पर्धा करायची नाही, हे कर्मचाऱ्यांनाही सांगून ठेवा.

मुकुंदवाडीची पहिली अडचण जागेची आहे. चिकलठाणा विमानतळ अगदी शेजारी आहे. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा उघड्यावर टाकायला विमान नियमांनी मनाई आहे. घारी आणि बगळे विमानाच्या इंजिनात जाऊ शकतात, म्हणून ही अट आहे. तेव्हा टाकी चारही बाजूंनी आणि वरून जाळीने बंद, आलेला कचरा तासाभरात कोरड्या पाल्याखाली झाकलेला, आणि मटण-मासळीचा कचरा अजिबात घ्यायचा नाही. याने कुत्री आणि उंदीरही लांब राहतात.

दुसरी अडचण पाण्याची. 2019 च्या टंचाईत मुकुंदवाडीतली मुलं रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जाऊन हंडे भरून आणत होती, हे जगभरच्या वाचकांनी वाचलं. ज्या वस्तीत पिण्याचं पाणी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून मिळतं, तिथे खताच्या ढिगावर नळाचं पाणी ओतणं शोभणार नाही. त्याची गरजही नाही. भाजीपाल्यात पाणी भरपूर असतं. टाकीतून खाली झिरपणारं काळं पाणी एका डब्यात धरा आणि तेच परत वर शिंपडा. उन्हाळ्यात कमी पडलं तर भाजी धुतलेलं किंवा आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी घ्या. ढीग पोत्याने झाकला की वाफ कमी उडते.

खत: कृती सोपी, शिस्त अवघड

खताची विद्या आपल्याकडे नवी नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत केलेल्या कामावरचं पुस्तक 1931 मध्ये छापलं गेलं आणि थरांच्या खताची ती पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवलेल्या विटांच्या टाकीची पद्धत बसवली. नाडेप म्हणून ती शेतकऱ्यांना परिचित आहे. नाडेपला तीन-चार महिने लागतात आणि माती भरपूर लागते. गल्लीतल्या केंद्राला जाळीची, अधूनमधून पालटायची टाकी जास्त सोयीची, कारण रोज कचरा येतो आणि वास येऊन चालत नाही.

ओला कचरा नत्राने भरलेला असतो, सुका पाला कर्बाने. सूक्ष्मजीवांना दोन्ही लागतात. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं असावं. वजनाने साधारण चार भाग ओल्याला एक भाग कोरडं घ्या. कोरडं कुठून आणायचं? वखारीत लाकडाचा भुसा मिळतो. रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा आणि बदामाचा पाला गोळा करून पोत्यांत भरा. माघ-फाल्गुनात पानगळ असते तेव्हाच वर्षभराची बेगमी करायची. रसवंतीवरची चिपाडं फुकट मिळतात, पण ती कोयत्याने वीतभर तुकडे करूनच टाकावीत, नाहीतर टाकी पालटताना फावडं अडकतं. जवळच्या गावातून पऱ्हाटी मिळाली तर तीही बारीक करून चालते.

क्रम असा ठेवा. आलेला कचरा ताडपत्रीवर पसरून पिशव्या, चमचे, दोरे, काचा काढा. सापडलेल्या सुया आणि ब्लेड वेगळ्या लाल डब्यात. मोठ्या फळांचे तुकडे करा. टाकीच्या तळाशी सहा इंच चिपाडं, त्यावर ओला थर, त्यावर कोरडा, आणि दर दोन थरांनी शेणकाला शिंपडा. सर्वांत वर कायम कोरडा थर. पहिल्या तीन-चार दिवसांत आतली उष्णता 55 अंश सेल्सियसच्या वर जायला हवी, त्याने तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा. टोक हातात धरवत नसेल तर भट्टी पेटली आहे. गार लागलं तर ढीग कोरडा आहे, किंवा ओलाच जास्त आणि हवा कमी. दर सात-आठ दिवसांनी एका टाकीतून शेजारच्या रिकाम्या टाकीत पालटा. बाहेरचं आत, आतलं बाहेर.

ओलावा पाहायचा तर मूठभर ढीग दाबा. पिळलेल्या फडक्यासारखा दमट लागला आणि बोटांतून थेंब एखादाच आला, तर ठीक. धार लागली तर भुसा घाला. मुठीतून सुटून पडला तर पाणी.

दुर्गंधी येत असेल तर बहुतेक वेळा कोरडं कमी पडलेलं असतं आणि ढीग घट्ट बसलेला असतो. त्याच दिवशी पालटा. अमोनियाचा तिखट वास आला तर नत्र जास्त, पुन्हा भुसाच. पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. काळ्या सैनिकमाशीच्या अळ्या घातक नाहीत, उलट कचरा लवकर फस्त करतात. पण घरमाश्या वाढल्या तर वरचा कोरडा थर जाड करा.

साधारण 45 दिवसांनी खत काळपट, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचं होतं. आणखी दोन आठवडे सावलीत मुरवा. मग 4 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेलं पुन्हा टाकीत घाला. कुंडीत मेथीचं बी टाकून पाहा. नुसत्या मातीतल्याइतकंच ते उगवलं तर खत पक्कं.

गणपतीच्या दिवसांत निर्माल्य भरपूर येतं. फुलं घ्या, पण हारांतले दोरे, जरी आणि थर्माकोल आधी काढून घ्या. विसर्जनापूर्वी गणेश मंडळांशी बोललात तर गाड्या भरून फुलं मिळतील आणि तुमच्या माणसांना ओव्हरटाइमही.

कामाचं नियोजन: माणूस टिकवायचा तर

घर नसलेल्या माणसाला महिनाअखेरीच्या पगाराची वाट पाहणं परवडत नाही, त्याला पोट रोज भरायचं असतं. पहिले दोन महिने दर शनिवारी पैसे द्या. हळूहळू पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या. हजेरीपट त्याच्यासमोर भरा आणि अंगठा असो की सही, रोज घ्या. या पटाची एक प्रत त्याच्याजवळ राहू द्या; आपण अमुक दिवस काम केलं याचा त्याच्याकडे पुरावा असणं हे पैशांइतकंच महत्त्वाचं.

त्याचं गाठोडं हा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचं सगळं घर एका पोत्यात असतं. ते कुठे ठेवायचं हे ठरलं नसेल तर तो दुपारी काम सोडून ते सांभाळायला जाईल, आणि आपण म्हणू ‘माणूस टिकत नाही’. शेडमध्ये कुलपाची पेटी करा आणि चावी त्याच्याकडेच द्या. कामानंतर अंघोळीला पाणी, साबण आणि धुतलेला गणवेश मिळालाच पाहिजे. घाम आणि वास घेऊन गेल्यास खानावळवाला त्याला बाकावर बसू देत नाही. स्त्रिया असतील तर शौचालय कुठे आहे हे आधी बघा, आणि अंधार पडल्यावर कामाला बोलावू नका.

हातमोजे, गमबूट आणि मास्क यांशिवाय कोणालाही टाकीला हात लावू देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मिळवून द्या. कोरडं खत चाळताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून चाळण्याआधी खत किंचित दमट ठेवा. खतावर काम करणाऱ्या माणसाला रात्री तिथेच झोपू देणं उपकारासारखं वाटेल, पण मग तो आठ तासांच्या पगारात चोवीस तासांचा राखणदार होतो. राखण हवी तर तिचे वेगळे पैसे.

कागदपत्रांचं काम चिकाटीने करा. आधार नसेल तर निवारा केंद्राच्या प्रमुखाचा दाखला घेऊन केंद्रावर जा. आधार झालं की शून्य शिलकीचं जनधन खातं, ई-श्रम कार्ड आणि वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना, हे तिन्ही करून घ्या. प्रत्येक वेळी तुमच्यापैकी कोणीतरी बरोबर जावं. एकट्याला रांगेतून ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं जातं.

दारू पिऊन आला तर त्या दिवशी परत पाठवा आणि मजुरी कापा. कामावरून काढू नका. दुसऱ्या दिवशी तो आला तर उपदेश न करता काम द्या. नियम सगळ्यांना सारखे आणि आधी सांगितलेले हवेत, मग ते त्याला जाचत नाहीत. गणवेशावर त्याचं नाव असू द्या. शंभर घरं त्याला ‘कचरेवाला’ न म्हणता नावाने हाक मारू लागली, तर तो कामाला चिकटतो.

शेजारी आणि खताची गिऱ्हाइकं

नारेगाव आणि मिटमिट्याच्या आठवणीनंतर ‘इथे कचरा केंद्र’ म्हटल्यावर लोक विरोधाला उभे राहतात, आणि त्यांची चूक नाही. सर्वांत जवळच्या वीस घरांना आधी भेटा. वास आला तर फोन कोणाला करायचा तो नंबर टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फोन आल्यावर त्याच दिवशी ढीग पालटा. जवळच्या घरांना पहिलं खत फुकट द्या. पहिल्या महिन्यात 50 घरं पुरे. ती व्यवस्थित चालली, ओला-सुका वेगळा द्यायची सवय त्यांना लागली, की पुढची घरं स्वतःहून विचारतात. मिसळलेला कचरा दिला तर तो त्या दिवशी उचलायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एका घरासाठी तो मोडलात तर पन्नास घरं मोडतील.

शुल्क देणाऱ्या घरांना खत सवलतीत द्या. त्यांच्या कुंड्यांत तुमचं काम दिसत राहतं आणि शुल्क देण्याचं कारणही. मोठ्या प्रमाणावर ‘सिटी कंपोस्ट’ म्हणून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 मधली मानकं पाळावी लागतात: ओलावा 15 ते 25 टक्के, कर्ब-नत्र प्रमाण 20 पेक्षा कमी, शिसं, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू ठरलेल्या मर्यादेत. कृषी विभागाकडून परवाना लागतो. नमुना तपासून घेण्याबद्दल पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. महापालिकेबरोबर काम करत असाल तर राज्याच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाखाली खत जाऊ शकतं का, हेही विचारा. परवाना नसताना पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे छापू नका. विक्रीचा खरा हंगाम मे-जूनमध्ये आणि दसऱ्यानंतर असतो. मधले महिने खत मुरवण्याचे. परिसरातल्या मोसंबीच्या बागांना ट्रॉलीने खत लागतं, पण बागायतदार घाऊक दर मागेल. त्याचा हिशेब वेगळा मांडा.

दर महिन्याला काय मोजाल

बहुतेक अहवालांत ‘इतके टन कचरा, इतकं खत’ असे आकडे असतात. तेही ठेवा. पण पहिल्या ओळीत लिहा, या महिन्यात किती माणसांना, किती दिवसांची, किती मजुरी वेळेवर मिळाली. दुसऱ्या ओळीत, शुल्क देणारी घरं किती आणि थकबाकी किती. तिसऱ्या ओळीत, कोणी भाड्याची खोली घेतली, कोणाचं रेशन कार्ड झालं, कोण कामावरून निघून गेला आणि का. खताचा आकडा चौथ्या ओळीत. पहिल्या दोन ओळी सलग तीन महिने खाली येऊ लागल्या, तर नवी टाकी बांधू नका. दारोदार जाऊन शुल्क देणारी घरं वाढवा.

आणि दुसरं केंद्र कधी सुरू करायचं? पहिल्याचा तीन महिन्यांचा पगार बँकेत शिल्लक पडला असेल आणि पहिल्या तिघांपैकी निदान एकजण तुमच्या मदतीशिवाय चौथ्या माणसाला टाकी लावायला शिकवू शकत असेल, तेव्हा. त्या एकाला मुकादम करा, त्याचा पगार वाढवा आणि संजयनगर असो की रामनगर, दुसऱ्या गल्लीची चावी त्याच्या हाती द्या.